परदेशातून पुण्यात शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या नातेवाइकाच्या राहण्याची आणि प्रवासाची सोय कशी करावी?

तुम्ही लिहिले आहे की तुमची आत्या लंडनहून खुब्याच्या सांधेरोपणासाठी पुण्यात येणार आहे, तुमचे घर शुक्रवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट नाही, आणि तरीही "स्वतःचे घर असताना तिला बाहेर ठेवणे बरे दिसत नाही" असे घरातल्या मोठ्यांचे म्हणणे आहे. तुम्हाला राहण्याची आणि गाड्यांची व्यवस्था आणि खर्चाचा अंदाज हवा आहे. राहण्याबद्दलचे माझे उत्तर स्पष्ट आहे: आत्याला तुमच्या घरी उतरवू नका. रुग्णालयाच्या जवळ, तळमजल्यावर किंवा चांगली लिफ्ट असलेल्या इमारतीत, एक सुसज्ज फ्लॅट भाड्याने घ्या आणि सोबतीला तुमच्यापैकी एकजण तिथे राहायला जा. मोठ्यांचे हेच वाक्य आमच्याही घरात उच्चारले गेले होते आणि त्याची किंमत माझ्या बहिणीने मोजली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझी थोरली बहीण टोरोंटोजवळ राहते. तिच्या उजव्या खुब्याचा सांधा पूर्ण झिजला होता. कॅनडात खुब्याचे सांधेरोपण २६ आठवड्यांच्या आत व्हावे असा सरकारी मापदंड आहे, पण तो प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत पाळला जात नाही. ताईची पाळी लांबत गेली, रात्री तिला कूस बदलता येईना, तेव्हा पुण्यातच शस्त्रक्रिया करायचे ठरले. डॉक्टर निवडणे, एक्स-रे पाठवणे, तारीख घेणे हे सगळे विनासायास पार पडले. वाद झाला तो ती उतरणार कुठे यावर.

आमचे जुने घर नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे दादा, वहिनी आणि आई राहतात. मी कर्वे रस्त्याच्या बाजूला, रुग्णालयापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, तळमजल्यावरचा एक फ्लॅट पाहून ठेवला होता. दादाने तो विषय एका वाक्यात संपवला: "माहेर असताना माझी बहीण भाड्याच्या जागेत राहणार नाही." आईच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ताईनेही फोनवर "असू दे रे, मला घरीच बरे वाटेल" असे म्हटल्यावर मला गप्प बसावे लागले. दादाचे आणखी दोन मुद्दे होते. एक म्हणजे रुग्णालय जेमतेम दोन-अडीच किलोमीटरवर आहे, आणि दुसरा म्हणजे हल्ली डॉक्टर स्वतःच दोन-तीन दिवसांत रुग्णाला जिना चढायला लावतात.

दुसरा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. रुग्णालयात जिना शिकवतात हे खरेच आहे. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हे ताईलाही शिकवले होते. परंतु तिथल्या पायऱ्या चारपाच, बुटक्या, सारख्या उंचीच्या, दोन्ही बाजूंना कठडा असलेल्या असतात, आणि फिजिओथेरपिस्ट मागे उभा असतो. आमच्या जिन्याच्या पायऱ्या त्यांच्या दीडपट उंच, वळणावर एका टोकाला निमुळत्या होत गेलेल्या, आणि कठडा एकाच बाजूला. डिस्चार्जच्या दिवशी रुग्णवाहिका बोळाच्या तोंडाशीच थांबली, कारण दोन्ही बाजूंना दुचाकी लावलेल्या होत्या आणि पुढे गणपतीच्या मांडवाचे बांबू उभे राहत होते. तिथून चाकाच्या खुर्चीतून उखडलेल्या फरश्यांवरून दारापर्यंत, आणि दारापासून वर लाकडी खुर्चीत बसवून, दोन वॉर्डबॉय पुढून आणि मी मागून, असे तिला नेले. वळणावर खुर्ची कलली तेव्हा ताईने कठडा असा घट्ट धरला की बोटे सोडवायला तिला वेळ लागला. ती एक शब्दही बोलली नाही.

वर पोहोचल्यावर खरा प्रश्न पुढे आला. वॉकर पंचवीस इंच रुंद होता आणि न्हाणीघराचा दरवाजा चोवीस इंचांचा. त्यामुळे प्रत्येक वेळी वॉकर बाहेर ठेवायचा, चौकट धरायची आणि आडवे होऊन आत शिरायचे. शस्त्रक्रियेच्या पायावर भार देऊन गर्रकन वळायचे नाही आणि खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, अशी ताकीद डॉक्टरांनी दिली होती, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत नवा सांधा निखळण्याचा धोका असतो. आमच्या घरात मात्र लघवीला जायचे तरी नेमकी तीच हालचाल करावी लागत होती. कमोडवर उंची वाढवणारे बैठे साधन आणून बसवले, पण दरवाजा काही रुंद करता येत नव्हता. शिवाय घरच असल्यामुळे भेटायला येणाऱ्यांना नाही म्हणता येईना. ताई औषधांच्या गुंगीत असायची आणि दिवाणखान्यात चहाच्या कपबशा वाजत असायच्या. वहिनी दिवसभर ओट्यापाशी उभी असायची, तिचेही हाल झाले.

आता दोन-अडीच किलोमीटरचा मुद्दा. पेठांमध्ये अंतर किलोमीटरवर मोजून चालत नाही. लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता हे एकेरी आहेत, गणेशोत्सवात संध्याकाळी यातले बरेच रस्ते वाहनांना बंद होतात, विसर्जनाची मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि आषाढी वारीच्या दोन्ही पालख्या मुक्कामाला असतात तेव्हा शहराच्या मध्यभागाची तीच स्थिती असते. ताईचे टाके काढायचा दिवस गणेशोत्सवातच आला. पुन्हा तीच लाकडी खुर्ची, तेच वळण, आणि बोळातून मांडवाच्या कडेने गाडीपर्यंत. त्या दिवशी परत येताना मी गाडी नारायण पेठेकडे वळवलीच नाही. ताईला सरळ कर्वे रस्त्याच्या बाजूच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटवर नेले आणि तिथून आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी ताई वॉकर घेऊन आपली आपण फाटकापर्यंत चालत गेली. आई रोज रिक्षाने डबा घेऊन यायची, दुपारभर तिच्याजवळ बसायची, आणि पेठेतल्या घरी पाहुण्यांच्या गर्दीत मायलेकींना जो वेळ मिळाला नव्हता तो त्यांना तिथे मिळाला.

दादा आजही म्हणतो, "शेवटी झाले ना सगळे नीट?" नीट झाले ते ताईने सोसले म्हणून, आणि ज्या सोसण्याला काहीही वैद्यकीय कारण नव्हते ते तिच्या वाट्याला केवळ "लोक काय म्हणतील" या काळजीने आले. बहिणीवर त्याची माया आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला पाहुणचार नको असतो, तिला रुंद दरवाजा हवा असतो, आणि हे मी तेव्हाही म्हणत होतो.

तेव्हा तुमच्या कामाकडे येतो. फ्लॅट पाहायला जाताना टेप घेऊन जा. न्हाणीघराचा दरवाजा वॉकरपेक्षा चारपाच इंच तरी रुंद हवा, कमोड भिंतीपासून इतका सरकलेला हवा की बाजूला आधाराची दांडी बसवता येईल, पलंग गुडघ्याच्या उंचीपेक्षा खाली नको, आणि गाडी दारापाशी थांबली पाहिजे. लिफ्टवर अवलंबून राहणार असाल तर तिला जनरेटरची जोड आहे का आणि चाकाची खुर्ची माणसासह आत मावते का, हे स्वतः उभे राहून पाहा; मालकाच्या शब्दावर विसंबू नका. फ्लॅट रुग्णालयाच्याच बाजूला, नदीचा पूल ओलांडावा लागणार नाही असा घ्या. रूबी आणि जहांगीर ही रुग्णालये स्टेशनच्या बाजूला, संचेती शिवाजीनगरला, दीनानाथ एरंडवण्यात, असा विचार केला की शोधाची जागा आपोआप आखली जाते. मेट्रोची स्थानके लिफ्टची आहेत आणि वनाझ ते रामवाडी ही मार्गिका डेक्कन, सिव्हिल कोर्ट आणि स्टेशन जोडते, त्यामुळे डबा नेणाऱ्या घरच्या माणसांची चांगली सोय होते. रुग्णाला मात्र सुरुवातीला मेट्रोच्या गर्दीत नेऊ नये. जागा शस्त्रक्रियेच्या चारपाच दिवस आधीपासून हवी, कारण भूल देण्याआधीच्या तपासण्या असतात आणि दातांत कुठे जंतुसंसर्ग नाही ना हेही सांधेरोपणापूर्वी पाहून घेतात.

आत्याचा पासपोर्ट ब्रिटिश आहे की भारतीय, हे तुम्ही लिहिलेले नाही. ब्रिटिश असून ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असेल तर व्हिसाचा प्रश्न मिटला. नसेल तर ई-मेडिकल व्हिसा मिळतो, आणि सोबतच्या दोन माणसांपर्यंत मेडिकल अटेंडंटचा वेगळा व्हिसाही मिळतो. त्यासाठी रुग्णालयाचे पत्र लागते. पण हा ई-मेडिकल व्हिसा ६० दिवसांचाच असतो, आणि खुब्याच्या सांधेरोपणानंतर पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असल्यामुळे दूरचा विमानप्रवास सहा आठवडे ते तीन महिने टाळा असे ब्रिटनमधली रुग्णालये सर्रास सांगतात. म्हणजे हिशेब जुळत नाही. म्हणून शल्यविशारदांना परतीच्या प्रवासाबद्दल आधीच विचारा, त्यांचे उत्तर दोन महिन्यांच्या पलीकडचे असेल तर नियमित मेडिकल व्हिसासाठी अर्ज करा, आणि फ्लॅटचा करारही तितक्याच मुदतीचा करा. परतीचे तिकीट तारीख बदलता येईल असेच काढा. परदेशी नागरिक कुणाच्याही जागेत उतरला की जागेच्या मालकाने त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवायची असते. आजवर सगळे त्याला सी फॉर्म म्हणत आले आहेत. हॉटेलवाले ते करतातच, घरमालक विसरतात, म्हणून करारापूर्वीच त्याला विचारून ठेवा.

लंडनहून पुण्याला थेट विमान नाही. येताना मुंबईला उतरून गाडीने या. जाताना मात्र विमानाच्या दिवशीच पुणे सोडू नका. आदल्या दिवशी सकाळी निघा, द्रुतगती मार्गावर दोनदा थांबून चार पावले चालवा, आणि विमानतळाजवळ एक रात्र मुक्काम करा. घाटात एखादा ट्रक बंद पडला की दोन-दोन तास जातात, आणि आखडलेल्या खुब्याने नऊ-दहा तासांच्या विमानात चढणे हा छळ आहे. गाडी इनोव्हासारखी उंच बैठकीची असावी, कमी उंचीच्या मोटारीत खुबा नको तितका वाकतो. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून, वर घट्ट उशी ठेवून, आधी पाठमोरे बसायचे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. दिल्लीमार्गे पुण्याला विमानाने यायचे ठरलेच तर ॲपवरची टॅक्सी मागवू नका, कारण त्या टॅक्सींसाठी लोहगाव विमानतळावर एरोमॉलच्या पार्किंगपर्यंत जावे लागते. घरची गाडी थेट टर्मिनलच्या दाराशी न्या. विमान कंपनीकडे चाकाची खुर्ची मागताना आत्याला विमानाचा जिना चढता येतो की नाही हे स्पष्ट सांगा, कारण त्यावरून मदतीचा प्रकार ठरतो, आणि नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास वैद्यकीय माहितीचा फॉर्म भरावा लागेल का हेही विचारा. सुरक्षा तपासणीत धातूचा सांधा वाजू शकतो. ते आधीच सांगितले की झडती बसून घेतात.

खर्चाचा आकडा मी देत नाही. भाडे विभागाप्रमाणे आणि मुदतीप्रमाणे बरेच बदलते, आणि तीन रुग्णालयांकडून लेखी अंदाजपत्रक मागवल्याशिवाय कुणाच्याही आकड्यावर विसंबू नये. शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे महिना-दोन महिन्यांचे भाडे मोठे नाही, एवढे मात्र घरच्या मोठ्यांना सांगा.

हे सारे खुबा आणि गुडघ्यापुरते आहे. मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रियेला जिन्याचे घरही चालते. उलट डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा बुडबुडा सोडला असेल तर तो विरेपर्यंत विमानात अजिबात बसायचे नसते, कारण उंचीवर तो प्रसरण पावतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. आणि तुमच्याच इमारतीत तळमजल्यावर कुणाची रिकामी जागा या काळापुरती मिळत असेल, रुग्णवाहिका दारापर्यंत येत असेल, तर शुक्रवार पेठेलाही माझा विरोध नाही. न्हाणीघराचा दरवाजा तेवढा आधी मोजून घ्या.