परवानगीपत्रात मुदत लिहिली नव्हती

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था आहे. एका ज्येष्ठ लेखकांच्या कथेवरून आमच्या सभासदाने एकांकिका लिहिली. ऑगस्ट 2018 मध्ये लेखकांनी सहीचं पत्र दिलं : ‘माझ्या कथेवर आधारित एकांकिका सादर करण्यास आपल्या संस्थेस परवानगी देत आहे.’ पुढे ते वारले. 2024 मध्ये आम्ही तिकीट लावून प्रयोग केले, चित्रीकरण यूट्यूबवर टाकलं. त्यांच्या मुलाच्या वकिलाची नोटीस येऊन दोन महिने झाले. मधे एक ठरलेला प्रयोगही केला. पत्र असताना आम्ही घाबरायचं का?

उत्तर : पत्र आहे हे चांगलंच. असे प्रश्न घेऊन येणाऱ्या बऱ्याच संस्थांकडे तेवढंही नसतं. पण तुम्ही ते फायलीला लावलंत आणि त्यात काय लिहायचं राहिलंय हे पाहिलंच नाहीत. त्यात मुदत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19(5) प्रमाणे हक्क लिहून देताना मुदत सांगितली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. कलम 30अ मुळे हाच नियम परवानगीलाही लागतो. म्हणजे तुमचं पत्र ऑगस्ट 2023 मध्ये संपलं. त्याआधीच्या प्रयोगांबद्दल नोटिशीत काही मागितलं असेल तर ते ठामपणे नाकारा. 2024 च्या प्रयोगांना मात्र या पत्राचा आधार नाही. हौशी संस्थांना कलम 52 मध्ये सवलत आहे, पण ती प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या प्रयोगांना. तुम्ही तिकीट लावलंत.

लेखक तोंडी ‘कधीही करा’ म्हणाले होते, असं तुम्ही मला पाठवलेल्या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिलंय. परवानगी लेखीच लागते. त्या शब्दांनी फार तर तुमचा हेतू वाईट नव्हता एवढं दिसेल, आणि तेही नोटीस येईपर्यंतच. नोटीस हातात असताना प्रयोग का केलात? जाणूनबुजून केलेलं उल्लंघन कलम 63 खाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं शिक्षेचा. प्रकरण तिथवर जाईलच असं नाही, पण समोरच्या वकिलाला हा मुद्दा तुम्हीच आयता दिलात.

‘सादर करणे’ यात यूट्यूब येतं का, यावर वाद घालता येईल; निकाल काय लागेल हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. शिवाय परवानगीपत्रात प्रदेश लिहिलेला नसला की परवानगी भारतापुरतीच धरतात, आणि यूट्यूब जगभर दिसतं. चित्रफीत आजच खासगी करा. ती कधी टाकली आणि किती उत्पन्न मिळालं याची नोंद मात्र जपून ठेवा.

तुमची एक बाजू भक्कम आहे. कथा लेखकांची असली तरी एकांकिकेचे संवाद तुमच्या सभासदाचे आहेत. ते त्याला विचारल्याशिवाय वारसांनाही वापरता येणार नाहीत. संवाद वापरण्याची परवानगी त्याच्याकडून संस्थेने लिहून घेतलेली नाही असं मी धरून चालते; ती याच आठवड्यात घ्या.

मग नोटिशीला वकिलामार्फत उत्तर द्या आणि तडजोडीला बसा. मुलगा स्वतः राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो, म्हणजे तारखांना तुम्हालाच तिकडे जावं लागेल, तेही वर्षानुवर्षं. नव्या करारात मुदत, प्रदेश, रंगमंच आणि चित्रीकरण वेगवेगळं, आणि दर प्रयोगाचं मानधन लिहून घ्या. मुलगा एकटाच वारस आहे का, मृत्युपत्र आहे का, हे आधी विचारा. आई, बहीणही वारस असतील तर सगळ्यांच्या सह्या हव्यात.