मामा आजोबांकडे राहतो की आजोबा मामाकडे?

चिऊ,

तुझा मेसेज मीटिंगमध्ये असताना आला, म्हणून तेव्हा नुसता अंगठा पाठवला. तुमच्या इथल्या अमेरिकेतल्या शाळेत एक तक्ता दिलाय: कुठल्या वयाची माणसं कुणाबरोबर राहतात. एकटी, जोडीदारासोबत, आईवडिलांकडे, इतर नातेवाइकांकडे. आणि तू विचारलंस, "मामा 38 वर्षांचा आहे, बँकेत आहे, तरी आजी-आजोबांकडेच का राहतो? त्याला कुणी काही म्हणत नाही का?"

म्हणतात की! पण उलटं. लग्नानंतर मामा-मामी बडोद्यातच वाघोडिया रोडला फ्लॅट बघून आले, तर दांडिया बाजारातल्या निम्म्या ओळखीच्यांनी आजीला विचारलं, "काय हो, काही वाजलं का घरात?" बडोद्याच्या मराठी घरांत मुलगा वेगळा झाला की लोक आधी कारण शोधतात. आणि राहिला, तर कुणालाच काही विचारावंसं वाटत नाही.

आता ते घर नीट बघ. खाली आजी-आजोबा. मधल्या मजल्यावर मामा, मामी आणि मुलं. गच्चीलगतच्या खोलीत आत्याआजी, म्हणजे आजोबांची बहीण. शाळेत शिकवायची, लग्न केलं नाही. गेल्या उन्हाळ्यात तुला वाटलं की सगळे मिळून एक घर. पण वर मामीचा गॅस वेगळा आहे. भारतात जनगणनेवाले दारात येतात तेव्हा एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं ती एक कुटुंब धरतात. त्या हिशेबाने माझ्या माहेरी एका छपराखाली दोन कुटुंबं आहेत. आत्याआजी खाली जेवते, म्हणून ती आजीच्या कुटुंबात. निजायला मात्र सगळ्यात वर.

तो दुसरा गॅस सहज आला नाही. मामीने लग्नानंतर तिसऱ्या वर्षी विषय काढला, आजी महिनाभर धड बोलली नाही. मामी सकाळी साडेआठला बाहेर पडणार, आजीला सोवळ्यातला नैवेद्य झाल्याशिवाय पहिली पोळी कुणाला द्यायची नाही. कसं जमायचं? चूल वेगळी झाली आणि मग दोघींचं छान जमायला लागलं. आता मामी वरून भाजीची वाटी खाली पाठवते, आजी मीठ कमी आहे म्हणते आणि संपवते. गौरी-गणपती आणि श्राद्ध मात्र खालच्याच चुलीवर. त्या दिवशी मामी रजा घेते. मामा घेत नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

एकत्र राहण्याचं श्रेय संस्कारांना देणारे पुष्कळ भेटतील. मी त्यातली निम्मी गोष्ट मानते. आपले पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत बडोद्याला आले आणि नोकऱ्या पुढेही गावातच मिळत गेल्या. 1949 साली सयाजीराव विद्यापीठ निघालं, साठच्या दशकात खताचा कारखाना आणि कोयलीची रिफायनरी. मुलगा घरून सायकलीवर कॉलेजात जायचा, पुढे घरूनच स्कूटरवर कामाला. कोकणातल्या मुलाला शिकायला, पोटाला मुंबई गाठावी लागली, बडोद्याच्या मुलाला वेशीबाहेर पडायचं कारणच नव्हतं. घर सोडायला कारण लागतं, चिऊ. राहायला लागत नाही.

इथेही तसंच आहे, तक्ता नीट वाच. अमेरिकेत 18 ते 24 मधले निम्म्याहून जास्त आईवडिलांकडे दाखवलेले असतात (त्यात होस्टेलवर राहणारे, लग्न न झालेले विद्यार्थीही धरतात बरं का), आणि 25 ते 34 मधला साधारण सहांतला एक. वर्गात कुणी मामाला हसलं तर हा आकडा सांग. आणि त्याच तक्त्याचं दुसरं टोकही बघ: 65 च्या पुढच्यांपैकी चारांत एकाहून जास्त माणसं एकटी राहतात.

ह्या टोकापाशी आले की मला माझी जागा दिसते. आजोबांची बायपास झाली तेव्हा रात्रीच्या पाळ्या मामाने आणि मामीने केल्या, मी विमानाचं तिकीट शोधत होते. मामा तिथे आहे म्हणून मी इथे निर्धास्त नोकरी करते. पणजोबांच्या घरात माझाही वाटा आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच. मामाने तो स्वतःहून विचारला होता. मी हक्कसोडपत्रावर सही केली नाही, आणि वाटाही मागितला नाही. आत्याआजीला त्या खोलीतून कुणी उठवू शकणार नाही, एवढं पाहून ठेवलंय. बाकीचं आमचं आम्ही बघू.

तेव्हा मामाला "आईवडिलांकडे" या रकान्यात टाकू नकोस. जोडीदार आहे, मुलं आहेत, गॅस त्याचा. विजेचं बिल आणि आजोबांची औषधंही तोच भरतो. आजोबांना विचारलंस तर ते म्हणतील, घर माझं. दोन्ही खरं आहे. बाईंना सांग, रकाना कमी पडतोय.

आणि खोलात जायचं असेल तर मामाला नको, मामीला फोन कर. रविवारी सकाळी, इथले नऊ वाजायच्या आत. तेव्हा तिकडे संध्याकाळ असते, आजी देवळात गेलेली असते, आणि मामी मोकळेपणाने बोलते.

आई