जबडा कटकट वाजते, सकाळी कानशिलं दुखतात, दातही वाकडे आहेत, याचा एकमेकांशी संबंध आहे का?

थोडाफार आहे, पण सगळा दोष वाकड्या दातांवर टाकू नका भाऊ. कानाच्या अगदी पुढे जबड्याचा सांधा असते, त्यात एक छोटी गादी असते, ती जागची सरकली की तोंड उघडताना आवाज येते. नुसता आवाज असन अन् दुखत नसन तर बहुतेक वेळा काही करायची गरज नाही. सकाळी कानशिलं दुखणं म्हणजे बरेचदा रात्री झोपेत दात खाणं, टेन्शनमध्ये ते वाढतेच, मंग माणूस कान दुखते म्हणून कानाचे ड्रॉप टाकत बसते.

वाकड्या दातांचा खरा तरास वेगळाच, फटीत अन्न अडकते, हिरड्या सुजतात, ज्वारीची भाकर एकाच बाजूनं चावावी लागते, अन् पोरीसोरी तर फोटोत तोंड दाबूनच हसतात.

सध्या काही दिवस मऊ खा, गरम शेक घ्या, जांभई देताना हनुवटीला हात लावा, दिवसा ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवा. फरक नाही पडला तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय नाहीतर वर्ध्याजवळ सावंगीचं डेंटल कॉलेज आहे, तिथं दाखवा, नाईट गार्ड, म्हणजे रात्री झोपताना दातांवर घालायचं कव्हर, बनवून देतात. पहिल्याच भेटीत कोणी दात घासून कमी करतो म्हणला तर थांबा, ते परत येत नाही.

अन् खर्रा (सुपारी-तंबाखू घोटून केलेला) खात असान, तोंडात आपली तीन बोटं उभी जात नसतीन, तिखट झोंबत असन, तर हे सांध्याचं नाही, सुपारीनं गालाची आतली चामडी कडक झाली असू शकते, त्यातून पुढं कॅन्सरही होऊ शकतो, त्याले उशीर करू नका.