युद्धपटातील विमानांची मोठी मॉडेले: एक-चतुर्थांश की एक-दशांश?

नमस्कार. आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटन-जर्मनी हवाई लढाईवरील १९६९ च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन' या चित्रपटासाठी इतकी खरी विमाने जमवली असताना रेडिओवर उडणारी मोठी मॉडेले बनवण्याची गरज का पडली, हा पहिला प्रश्न. आणि आपल्या लघुपटासाठी हाताशी असलेले एक-दशांश मापाचे हरिकेन (त्या युद्धातील ब्रिटिश लढाऊ विमान) चालेल की एक-चतुर्थांश मापाचे नवे बांधावे, हा दुसरा. मी बरीच वर्षे मोठ्या मापाची मॉडेले बांधतो आणि उडवतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. स्पेनच्या हवाई दलाकडून मिळालेली हाइंकेल या जर्मन बनावटीची बॉम्बफेकी विमाने उडवता येत होती, पण ती पाडता येत नव्हती. स्टुकाची, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या जर्मन विमानाची, अडचण वेगळी होती. ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहातील एका स्टुकाचे इंजिन फारसा त्रास न देता सुरू झाले, परंतु ते विमान पुन्हा उड्डाणयोग्य करण्याचा खर्च निर्मात्यांना परवडणारा नव्हता. मग पर्सिव्हल प्रॉक्टर या प्रशिक्षण विमानांना स्टुकासारखे मध्येच वाकलेले पंख बसवून पाहिले; तीही चित्रपटात वापरली गेली नाहीत. शेवटी सूर मारणारे स्टुका मॉडेलांनीच साकारले. इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओतील वाद्यवृंदाच्या सरावाच्या खोलीत सुमारे दोन वर्षांत ८० हून अधिक मॉडेले तयार झाली. इंग्लिश खाडीवर कोसळणाऱ्या हाइंकेलचे पहिले चित्रण पाहताना मॉडेलमागे लोंबणारी अँटेनाची तार स्पष्ट दिसत असल्याचे निर्मात्यांच्या लक्षात आले. तेव्हा गोळ्या लागून विमानाच्या नियंत्रणतारा सुटल्याचे एक छोटे दृश्य त्यांनी मध्ये जोडले, आणि लोंबत्या तारेला कथेतच कारण मिळाले. मला हा तोडगा फार आवडतो.

आता मापाविषयी. विमान आपण लहान करतो, पण गुरुत्वाकर्षण, हवा, पाणी आणि आग ही लहान होत नाहीत, आणि सगळी अडचण इथूनच सुरू होते. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर खरे विमान ८० मीटर खाली पडायला सुमारे ४ सेकंद लागतात. एक-चतुर्थांश मापात हीच उंची २० मीटर होते आणि पडायला २ सेकंद लागतात. एक-दशांश मापात ती ८ मीटर होते आणि जेमतेम सव्वा सेकंद लागतो. म्हणून एक-चतुर्थांश मॉडेलचे चित्रण सेकंदाला ४८ फ्रेमने करून ते नेहमीच्या २४ फ्रेमने दाखवले, की पडण्याचा वेग खऱ्या विमानासारखा दिसतो. एक-दशांश मॉडेलसाठी सुमारे ७६ फ्रेम लागतील. मॉडेल जितक्या पट लहान, त्या आकड्याचे वर्गमूळ काढायचे आणि त्याने २४ ला गुणायचे, एवढाच हिशोब आहे.

मात्र फ्रेम वाढवून सगळे साधत नाही, कारण वजनाचा प्रश्न उरतोच. माप चौपट कमी केले की पंखांचे क्षेत्रफळ १६ पट आणि वजन ६४ पट कमी व्हायला हवे. सुमारे २,७०० किलोच्या विमानाचे एक-चतुर्थांश मॉडेल या हिशोबाने ४२ किलोचे हवे. बाल्सा (एक अतिशय हलके लाकूड) आणि फायबरग्लासमध्ये नेटके बांधलेले मॉडेल त्याहून पुष्कळ हलके होते, म्हणून वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर ते डोलते. जाणकार प्रेक्षक मॉडेल ओळखतो तो बहुतेक वेळा या डोलण्यावरून. एक-दशांश मॉडेलमध्ये हा दोष फार वाढतो. त्यामुळे चित्रण पहाटे, वारा पडलेला असताना करावे, आणि झेपेल तेवढे वजन गुरुत्वमध्याजवळ वाढवावे.

माझ्याकडील एक-चतुर्थांश हरिकेनचा पंखविस्तार ३ मीटरपेक्षा थोडा जास्त आहे. एकदा त्याचे उतरणे मी जमिनीलगत कॅमेरा ठेवून ६० फ्रेमने टिपले. नेहमीच्या वेगात पाहताना चाके टेकताच ते चेंडूसारखे उसळले, शेपूट दोनदा आपटली आणि सगळा खेळण्याचा भास झाला. तेच दृश्य निम्म्या वेगाने लावल्यावर चाकांचे पाय दबताना दिसले, उसळी जड झाली, गवतावरची धूळ सावकाश बसली, आणि शेजारी बसलेल्या माझ्या मुलाने हे खरे विमान कुठले, असे विचारले.

आग आणि पाणी यांच्या बाबतीत मात्र मोठ्या मापाला पर्याय नाही. पाण्याच्या थेंबाचा आकार विमानाच्या मापाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे लहान मॉडेल पाण्यात पडले की पंखाच्या तुलनेत थेंब भलतेच मोठे दिसतात. ज्वाळांचेही तेच होते. लहान मॉडेलवर त्या मेणबत्तीसारख्या वाटतात.

तेव्हा आपल्या पटकथेत विमान फक्त दूरवरून ढगांखालून जात असेल, तर हातचे एक-दशांश मॉडेल पुरेसे आहे. ते उतरणार असेल, पेटणार असेल किंवा पाण्यात कोसळणार असेल, तर एक-चतुर्थांशच बांधा. त्यातही कोसळण्यासाठी वेगळा, स्वस्त सांगाडा करा, कारण चांगले मॉडेल पहिल्याच प्रयत्नात गमावल्यावर पुढचे चित्रण थांबते. बांधणी सुरू केलीत तर पंखांच्या सांध्याचे आराखडे मी पाठवतो.