वैर, वितुष्ट, वैमनस्य, आकस: कोणता शब्द कुठे?

'दोन भावांत आकस आला' हे वाक्य कानाला का खटकते, आणि वैर, वितुष्ट, वैमनस्य, आकस हे एकमेकांच्या जागी चालतात का, असे विचारले आहे. चालत नाहीत. आधी एवढे पाहा, की कटुता दोघांकडून आहे की एकाच्याच मनात?

आकस एकाच्याच मनात असतो, म्हणून तो 'दोघांत' येत नाही. कुणीतरी कुणाविषयी धरतो. ज्याच्याविषयी धरला त्याला पत्ताही नसेल. धरणाऱ्याच्या हाती अधिकार असेल तिथे हा शब्द नेमका बसतो: 'आकसापोटी बदली केली', 'आकसाने कारवाई झाली'.

वितुष्ट नेमके उलटे. त्याला दोन बाजू लागतात आणि आधीचे सख्यही लागते. भाऊ, भागीदार, व्याही यांच्यात वितुष्ट येते. अनोळखी चोराशी येत नाही. क्रियापदही सांभाळा: वितुष्ट 'येते', तिसरा कुणी ते 'आणतो', पण 'वितुष्ट केले' असे कुणी म्हणत नाही. तुमच्या वाक्यात हाच शब्द हवा.

वैमनस्य म्हणजे संस्कृतात मुळात मनाची खिन्नता. मराठीत त्याची तेढ झाली, तरी वजन मनावरच राहिले. हाणामारी झालीच पाहिजे असे नाही. गुन्ह्याच्या बातमीत 'पूर्ववैमनस्यातून' येते ते कृत्यामागचे कारण म्हणून.

वैर सर्वांत जड. 'वीर'वरून आलेला हा शब्द कृतीत उतरतो आणि वारशानेही चालतो. वैर धरतात, साधतात, पत्करतात. पिढीजात वैर असते, हाडवैर असते. रावण पडल्यावर राम बिभीषणाला 'मरणान्तानि वैराणि' (वैर मरणाबरोबर संपते) म्हणतो, तिथे दुसरा कोणताही शब्द तोकडा पडला असता. म्हणूनच एका दिवसाच्या भांडणाला वैर म्हणू नये. 'खटका उडाला' किंवा 'बिनसले' पुरते.

डूख आकसाच्या जवळचा, पण डूख धरणाऱ्याला आधी कुणी दुखावलेले असावे लागते. सापाविषयीच्या लोकसमजुतीतून हा अर्थ रुळला, आणि त्यात दबा धरून बसणे आहेच. 'दावा साधणे' म्हणजे सूड उगवणे. मात्र आज नुसता 'दावा' वाचला की कोर्टकचेरीच आठवते, तेव्हा जपून. खुन्नस बोलण्यात छान, अर्जात नको.

लिंगात फार चुका होतात. वैर, वितुष्ट, वैमनस्य नपुंसकलिंगी, आकस आणि डूख पुल्लिंगी, खुन्नस स्त्रीलिंगी. त्यामुळे 'आकस धरली' चूक, 'आकस धरला' बरोबर.