वाचकांचे प्रश्न : गोठलेला आर्गॉन पुन्हा का उजळतो?

प्रश्न : आर्गॉन निष्क्रिय आहे, असे आम्ही शाळेत शिकलो. मग गोठवलेल्या आर्गॉनवर इलेक्ट्रॉनांचा मारा केल्यावर प्रकाश कसा निघतो? आणि मारा थांबवून तो किंचित गरम केला की पुन्हा का निघतो? – एक वाचक, सांगली

उत्तर : शाळेत शिकलात ते खरेच आहे, पण ते शांत अवस्थेतल्या अणूपुरते. आर्गॉनच्या अणूने इलेक्ट्रॉन गमावला, की तो शेजारच्या अणूला धरून बसतो. उणे १८९ अंश सेल्सिअसच्या खाली गोठलेल्या या स्फटिकात इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे १४.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचे एकक) ऊर्जा लागते आणि ती इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यातून मिळते. मागे उरलेला धन प्रभार फार भटकत नाही, तर दोन अणूंच्या जोडीत अडकतो. भटका इलेक्ट्रॉन या जोडीला येऊन मिळाला की तिचा उत्तेजित रेणू बनतो आणि तो साधारण ९.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा अतिनील प्रकाश सोडतो. प्रकाश सुटताच ती जोडी फुटते, कारण शांत अवस्थेत हे अणू इतके जवळ राहूच शकत नाहीत. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, काच आणि हवाही तो शोषून घेतात. स्वतः आर्गॉन मात्र त्याला सहज बाहेर जाऊ देतो.

सगळ्याच इलेक्ट्रॉनांना जोडी सापडत नाही. काही जण स्फटिकातल्या रिकाम्या जागांत आणि इतर दोषांत, म्हणजे जणू सापळ्यांत, अडकतात व पाच केल्विनच्या (सुमारे उणे २६८ अंश सेल्सिअस) आसपास तसेच पडून राहतात. नमुना मिनिटाला काही केल्विन अशा संथ गतीने तापवला की आधी उथळ सापळे, म्हणजे ज्यांतून सुटायला कमी ऊर्जा पुरते ते, रिकामे होतात, मग खोल. आणि सुटलेले इलेक्ट्रॉन धन जोड्यांना भेटतात तेव्हा प्रकाशाच्या आलेखावर एकामागून एक उंचवटे उमटतात. यालाच तापदीप्ती म्हणतात.

काही इलेक्ट्रॉन थेट पृष्ठभागातून निर्वातात निसटतात, कारण आर्गॉनमधल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा बाहेरच्यापेक्षा जास्त असते. म्हणून युक्रेनमधील खारकीव्हच्या वेर्किन संस्थेतल्या संशोधकांनी प्रकाश आणि बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन एकाच वेळी मोजले. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत मोलाची युक्ती आहे, कारण एकट्या प्रकाशावरून फसगत होऊ शकते : नमुन्यात लेशमात्र ऑक्सिजन असला, तरी तापवताना त्याचे सुटे अणू सरकत एकत्र येतात, त्यांच्या संयोगातूनही प्रकाश निघतो, आणि तोच प्रकाश अडकलेल्या आणखी इलेक्ट्रॉनांना मोकळे करतो.