केनियाला सेवेसाठी निघताना

प्रश्न : आमच्या मंडळीतले (चर्चमधले) आठ तरुण दोन आठवडे केनियातल्या एका मंडळीत सेवेसाठी जाणार आहेत. वाटायला घरोघरचे जुने कपडे गोळा केले, चार बॅगा भरल्या. आणखी काय तयारी करावी?
– एक पालक, नवापूर

उत्तर : आधी त्या बॅगा रिकाम्या करा. परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे तिथे बाजार भरतात, त्या कपड्यांना ‘मितुंबा’ म्हणतात. तुम्ही फुकट वाटाल ते तिथल्याच एखाद्या विक्रेत्याच्या पोटावर पाय देऊन. काय हवे ते बोलावणाऱ्या मंडळीला विचारा. आणि ‘काही नको’ म्हणाले तर खरेच काही नेऊ नका.

पीतज्वराची (यलो फीवरची) लस अधिकृत केंद्रातच मिळते. प्रमाणपत्र टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होते, मग आयुष्यभर चालते. ते नसेल तर केनियाहून परतताना भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. त्यावरचे नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या.

मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली, तर रोज एक गोळी, जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत. लगेच आडवे व्हायचे नाही, घसा-छाती जळते. तिने कातडी उन्हात लवकर भाजते. खानदेशी माणसाला उन्हाचे काय, असे म्हणू नका, टोपी न्या. परतल्यावरही ४ आठवडे गोळी चालूच ठेवायची. बहुतेकांचे चुकते ते इथेच. नंतर काही महिन्यांत ताप आला, तर केनियाला गेलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगा.

साक्ष देणाऱ्यांनी, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणाऱ्यांनी, दहा मिनिटांचेच बोलणे तयार करावे. मराठीतून इंग्रजी, इंग्रजीतून स्वाहिली, म्हणजे त्याचा सहज अर्धा तास होतो. वाक्य छोटे, मग थांबा. ‘हात दाखवून अवलक्षण’ म्हणालात की दुभाषा गप्पच होईल. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणावे. ते ‘मराहाबा’ म्हणतात.

सगळ्यांत जपायचे ते ‘बघू’ या शब्दाला. कोणी मुलाची फी मागितली आणि तुम्ही संकोचाने ‘बघू’ म्हणालात, तर ते वचन समजून ते घर वाट पाहत बसते. मदत करायचीच असेल तर तिथल्या पाळकांशी बोलून, मंडळीमार्फत. मुलांचे फोटो आईबापांना विचारूनच.

तुमच्या भागात परदेशी मिशनरी पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. त्यांचे काय आवडले, काय खुपले, हे निघण्याआधी एका संध्याकाळी मंडळीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. आठही जणांना सोबत बसवा.